दक्षिणद्वारी घराचे उत्तर

बाईंचे पत्र अकरा ओळींचे होते आणि त्या अकरा ओळींत शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. शुद्धोबांनी ते तीनदा वाचले. पहिल्यांदा मजकुरासाठी आणि पुढच्या दोन्ही वेळा कुठे काही सापडते का ते बघायला. सापडले नाही. असे पत्र आले तर माणसाने उलटटपाली उत्तर द्यावे. शुद्धोबांनी दिले नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला, तिसराही सरत आला, तरी पत्र टेबलाच्या काचेखाली तसेच होते.

शुद्धोबा हे त्यांचे खरे नाव नव्हे, हे सांगायला नको. कुठलेही आईबाप पोटच्या पोराशी इतके वाईट वागत नाहीत. छापखान्यात त्यांनी अडतीस वर्षे मुद्रितशोधकाचे काम केले. कंपोझिटरने जुळवलेला मजकूर पुस्तक होण्याआधी वाचायचा आणि त्यातल्या चुका तांबड्या शाईने दाखवायच्या, असे ते काम. एका पानावर एकोणीस चुका दाखवल्या तेव्हा एका कंपोझिटरने वैतागून हे नाव ठेवले आणि ते असे चिकटले की खरे नाव फक्त पगारपत्रकापुरते उरले. शुद्धोबांनी तक्रार केली नाही. एक तर तक्रार करणे त्यांच्या स्वभावात नव्हते आणि दुसरे म्हणजे नाव व्याकरणदृष्ट्या बरोबर होते. आपल्या नजरेतून अडतीस वर्षांत एकही चूक सुटली नाही, हा त्यांचा एकुलता एक अभिमान. तो ते चारचौघांत मिरवत नसत, फक्त बायकोला सांगत. तिला मात्र बऱ्याचदा सांगत.

पत्र घराविषयी होते. बाई शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी लिहिले होते की घर तुम्हां उभयतांना द्यावे असे मनात आहे. दुसरे गिऱ्हाईक पिठाच्या गिरणीचे मालक असून त्यांना आतली लांब भिंत पाडून तिथे टेम्पो उभा करायचा आहे. महिनाअखेर मी मुलीकडे कायमची जाते. तोपर्यंत हो किंवा नाही, जे असेल ते लेखी कळवावे. तोंडी 'हो' म्हणणारे मला पुष्कळ भेटले.

आता यात अवघड काय होते? काहीच नाही. 'हो' हे एक अक्षर. शुद्धोबांना घर हवे होते. त्यांच्या बायकोला तर ते इतके हवे होते की ती त्याविषयी बोलतसुद्धा नव्हती.

ती दोघे तिसऱ्या मजल्यावर राहत. मध्ये बावन्न पायऱ्या आणि लिफ्ट नाही. बायकोच्या गुडघ्यांनी दोन वर्षांपूर्वी कुरकूर सुरू केली आणि आता सरळ असहकार पुकारला होता. डॉक्टरकडे जायचे असेल तेवढीच ती खाली उतरे. बाकी रस्ता वरून बघायचा. दोन महिन्यांत तिने ओळखीची माणसे फक्त टाळूकडून पाहिली होती आणि कुणाला टक्कल पडू लागले आहे ते तिला त्यांच्या आधी कळत असे.

बाईंचे घर तळमजल्यावर, दोन खोल्यांचे, आणि पुढचे दार सरळ रस्त्यावर उघडणारे. घर बघायला गेले तेव्हा शुद्धोबा आतल्या लांब, बिनखिडकीच्या भिंतीसमोर उभे राहून मनात पुस्तके लावत होते. 'अ' पासून सुरुवात करून ते 'प' पर्यंत आले तेव्हा बायको शेजारी नसल्याचे त्यांच्या लक्षात आले. ती पुढच्या दारात बाईंच्या खुर्चीवर बसली होती. समोर भाजीवाली टोपली उतरवून बसलेली. दोघींची घासाघीस अगदी रंगात आली होती. शेजारची एक म्हातारी मध्येच थांबून भाजीवालीची बाजू घेत होती. घर अजून आपले नाही, आणि हिने त्या दारात बसून अर्धा किलो टोमॅटो घेतले. रिक्षात ती एवढेच म्हणाली, "दारात खुर्ची मावते." शुद्धोबांच्या दृष्टीने घराचा सौदा तिथेच झाला होता.

मग माशी शिंकली. ती तळमजल्यावर शिंकली. तिथे विमा कंपनीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहत. त्यांना जिन्यावरून जाणाऱ्या प्रत्येक माणसाच्या भवितव्याची काळजी वाटे.

"घर घेताय म्हणे," विमावाले म्हणाले. "तोंड कुठे आहे?"

"कुणाचं?" शुद्धोबांनी विचारले.

"घराचं हो."

घराला तोंड असते हे शुद्धोबांना ऐकून ठाऊक होते, पण ते कुठे असते हे बघायचे राहून गेले होते. ते म्हणाले, रस्त्याकडे आहे. विमावाल्यांनी रस्ता कुठल्या दिशेला असे विचारले. शुद्धोबा म्हणाले, रस्ता तसा दोन्हीकडे जातो. यावर विमावाल्यांनी डोळे मिटले, हवेत बोटाने तो रस्ता, चौक आणि पाण्याची टाकी काढली, आणि डोळे उघडले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर सांत्वनाला आल्यासारखा भाव होता. दक्षिण, ते म्हणाले. त्यांचे एक मावसमेहुणे असेच दक्षिणेच्या दाराच्या घरात राहायला गेले होते. कुणाचे ऐकले नाही. गेले बिचारे. शुद्धोबांनी हळहळ व्यक्त करून वय विचारले. वय एक्याण्णव होते. "पण दार पूर्वेला असतं तर शंभरी गाठली असती," विमावाले म्हणाले.

पहिल्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंना माहीत असलेल्या दक्षिणेच्या घरातली मुलगी पळून गेली होती. आणि कुठून गेली? त्याच दारातून. शुद्धोबांना वाटले, सांगावे, की बाई, पळून जायला निघालेली मुलगी दिशा बघून दार निवडत नाही. पण ते म्हणाले नाहीत. त्यांना चोख उत्तर नेहमी तिसऱ्या मजल्यावर पोचून कुलूप काढताना सुचे, आणि मग ते कुलपाला ऐकवत.

त्या आठवड्यात त्यांचे कुलूप पुष्कळ शहाणे झाले. ज्या माणसांनी आयुष्यात कधी त्यांना 'काय, कसं काय' यापलीकडे विचारले नव्हते, ती आता त्यांना जिन्यात अडवून त्यांचा सर्वनाश तपशीलवार समजावून सांगू लागली. शुद्धोबांच्या अंगाचा तिळपापड होत होता. अरे, मी काय खातो, काय वाचतो, गेल्या वर्षी आजारी होतो तेव्हा जगलो की मेलो, हे कुणी विचारले नाही, आणि माझ्या दाराची दिशा हा मात्र साऱ्या इमारतीचा घरगुती प्रश्न झाला!

बायको काहीच म्हणत नव्हती. शेवटी त्यांनीच विचारले तेव्हा म्हणाली, "मला काही नाही हो. पण उद्या तुम्हाला काही झालं, तर सगळे म्हणतील हिनेच हट्ट धरला होता. मग मी त्या दारात कुठल्या तोंडाने बसू?"

याला शुद्धोबांकडे उत्तर नव्हते. कुलपाकडेही नव्हते.

पुढे मेहुणा आला. बायकोचा हा धाकटा भाऊ विजेच्या सामानाचे दुकान चालवी. आठ वर्षांपूर्वी दुकानाचे हमरस्त्यावरचे दार दक्षिणेला आहे असे कळल्यावर त्याने ते विटांनी बुजवून टाकले आणि मागच्या गल्लीतून नवे दार काढले. आता गिऱ्हाइकाला बल्ब हवा असेल तर आधी स्कूटर दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानातून, तेलात पाय पडणार नाही असे बघत, आत यावे लागे. धंदा कसा आहे असे विचारले की तो म्हणे, शांत आहे, आणि शांतता महत्त्वाची.

मेहुण्याने होकायंत्र आणले होते. विमावाल्यांवर विसंबून न राहता दिशा शास्त्रशुद्ध मोजावी, असे त्याचे म्हणणे. शुद्धोबांना ते पटले. न जाणो, दक्षिण नसेलही. दोघे बाईंच्या घरी गेले. होकायंत्र लोखंडी कपाटावर ठेवले तर सुई कपाटाच्या कडीकडे वळली. जमिनीवर ठेवले तर दार आग्नेयेला आले. मेहुण्याने खिशातून फोन काढला, तर फोनच्या मते दार नैऋत्येला होते आणि शिवाय फोनने आठ हा आकडा हवेत काढायला सांगितले. मेहुणा बाईंच्या पुढच्या खोलीत उभा राहून हातवारे करू लागला. बाई शांतपणे बघत होत्या. त्यांनी शुद्धोबांना एवढेच विचारले की माझे पत्र मिळाले ना? शुद्धोबांनी मान डोलवली आणि चपला घालण्याच्या निमित्ताने खाली वाकले ते जरा जास्तच वेळ वाकून राहिले.

तीन दिशा हाती आल्यामुळे आता सरकारदरबारी काय लिहिले आहे ते बघायचे ठरले. घरांचे नकाशे असणाऱ्या कचेरीत शुद्धोबा एकटे गेले. तिसऱ्या खिडकीत त्यांना नकाशा बघायला मिळाला. त्यावर घर होते, रस्ता होता, गटारसुद्धा होते, पण दिशादर्शक बाण नव्हता.

"यात उत्तर कुठे आहे?" शुद्धोबांनी विचारले.

"अर्ज दिलाय का?" कारकुनाने विचारले.

"नाही."

"मग उत्तर कसं मिळेल? अर्ज द्या, पंधरा दिवसांत उत्तर येईल."

शुद्धोबांनी समजावून सांगितले की त्यांना ते उत्तर नको, हे उत्तर हवे आहे. वरचे. कारकून म्हणाला, वरचे उत्तर साहेब देतात, पण त्यासाठी आधी खालून उत्तर जावे लागते. शुद्धोबा म्हणाले, अहो, मला दक्षिणेच्या समोरची जी उत्तर असते ती हवी. आता मागच्या रांगेतल्या एकाने, म्हातारबाबा, तुम्हाला नक्की प्रश्न काय आहे, असे विचारले. एका शब्दाचे दोन अर्थ असले की वाक्यरचना नेटकी करावी, हे त्यांनी अडतीस वर्षे लेखकांना समासात लिहून कळवले होते, आणि आज भर कचेरीत त्यांचीच वाक्यरचना ढासळत होती. अपमानाने त्यांचे कान लाल झाले. शेवटी कारकुनाला दया आली. त्याने नकाशा उचलला, खिडकीबाहेर सूर्य कुठे आहे ते पाहिले, नकाशावर पेनने एक बाण काढला आणि त्यावर शिक्का मारला. आता ते सरकारी होते. दार दक्षिणेला होते.

दरम्यान शुद्धोबा पत्राचे उत्तर लिहीत नव्हते असे नाही. सात मसुदे झाले होते. पण प्रत्येकात 'हो' आणि 'नाही' यांच्यामध्ये इतकी पोटवाक्ये येत की शेवटी पोचेपर्यंत क्रियापदच बदलायची वेळ येई. महिना संपायला सात दिवस उरले.

तेव्हा मेहुण्याने वास्तुतज्ज्ञाला घरी आणले. त्याच्या दुकानाचे दार बुजवले ते यांच्याच सल्ल्याने. तज्ज्ञ पन्नाशीचे, स्वच्छ इस्त्रीचे कपडे घातलेले, आवाज इतका मृदू की समोरच्याने आपोआप पुढे झुकावे. बावन्न पायऱ्या चढून आल्यावरही त्यांना धाप लागली नव्हती, याचा शुद्धोबांना उगाच राग आला. विमावालेही मागोमाग आले. त्यांना बोलावले नव्हते.

तज्ज्ञांनी शिक्क्याचा नकाशा पाहिला आणि उपाय सांगितला. घर घ्यायला हरकत नाही. पुढचे दार मात्र बुजवायचे. मागे न्हाणीघराच्या बोळात एक दार आहे, ते वापरायचे.

शुद्धोबांनी बायकोकडे पाहिले. ती कपबश्या गोळा करत होती. बोळात खुर्ची मावत नाही.

"हे कशावरून?" शुद्धोबा म्हणाले. स्वतःचा आवाज ऐकून तेही चपापले.

तज्ज्ञांना राग आला नाही. त्यांनी पिशवीतून एक हिरव्या बांधणीचे पुस्तक काढले. अकरावी आवृत्ती, ते म्हणाले. या विषयातला हाच शेवटचा शब्द. मी वीस वर्षे याच्यावरच काम करतो. त्यांनी खूण घातलेले पान उघडून पानाच्या अगदी तळाची ओळ वाचली, "दक्षिणद्वारी गृह अशुभ असे."

मेहुण्याने मान डोलवली. विमावाल्यांनी उसासा सोडला.

"पुढचं वाक्य वाचता का?" शुद्धोबा म्हणाले. ही निव्वळ सवय होती. पुढचे वाक्य वाचल्याशिवाय ते कधीच कुठल्या वाक्यावर विश्वास ठेवत नसत.

तज्ज्ञांनी पान उलटले. "तेव्हा वाचकाने मनात भय न धरता तेथे सुखाने नांदावे."

खोलीत कुणालाच काही खटकले नाही. शुद्धोबांना मात्र दाताखाली खडा यावा तसे झाले. अशुभ असे, आणि तेव्हा सुखाने नांदावे? 'तेव्हा' कशाचा? हे दोन वाक्यांचे लग्न लागतच नाही. त्यांनी तसे विचारले. तज्ज्ञांनी मृदू आवाजात खुलासा केला की भय न धरता म्हणजे दार बुजवून, असा त्याचा गूढार्थ आहे.

गूढार्थ कसला! शुद्धोबांनी पुस्तक ओढूनच घेतले. वाक्य डोळ्यांजवळ धरले. एका अक्षराचा प्रश्न होता. 'असे' नव्हे, 'नसे'. 'दक्षिणद्वारी गृह अशुभ नसे. तेव्हा वाचकाने मनात भय न धरता तेथे सुखाने नांदावे.' झाले की सरळ! 'न'च्या जागी 'अ' पडला आणि अकरा आवृत्त्या तो तसाच छापला गेला. लोकांनी दारे बुजवली, लोक स्कूटरच्या तेलातून दुकानात शिरले. अडतीस वर्षांत साठलेला, समासात मावेनासा झालेला सगळा संताप त्यांच्या तोंडून एकदम बाहेर पडला.

"कोण गाढव मुद्रितशोधक होता या पुस्तकाला?"

बायकोच्या हातातली बशी वाजली. शुद्धोबांनी मुखपृष्ठ उलटले आणि मागच्या बाजूला, प्रकाशकाच्या पत्त्याखाली, जिथे छापखान्याचे लोक अगदी बारीक टाइपात असतात, तिथे पाहिले. तिथे त्यांचेच नाव होते. खरे, पगारपत्रकातले. त्यामुळे ओळखायला त्यांना क्षणभर वेळ लागला.

त्यांनी पुस्तक मिटून तज्ज्ञांना परत दिले, आणि म्हणाले की विचार करून सांगतो.

शुद्धोबांनी कामाचा पहिल्या पाच वर्षांतला कागद न् कागद पत्र्याच्या पेटीत जपून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी, बायको आंघोळीला गेली असताना, त्यांनी पेटी उघडली. त्यांना एक आशा होती. चूक कंपोझिटरची असेल. आपल्या नजरेतून सुटली असेल, म्हणजे पाप अर्धे. ते प्रूफ सापडले. पानाच्या तळाला कंपोझिटरने स्वच्छ जुळवले होते, 'अशुभ नसे'. आणि त्या 'न'वर तांबडी काट मारून समासात शुद्धोबांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिले होते, 'हस्तलिखितात चूक. दक्षिण अशुभच. "असे" करावे.' पुढचे पान त्या दिवशी त्यांच्याकडे आलेच नव्हते.

म्हणजे चूक सुटली नव्हती. ती केली होती. आपण असले काही मानत नाही अशी त्यांची स्वतःविषयी समजूत होती, आणि तिशीही न गाठलेल्या त्या तांबड्या शाईवाल्याने लेखकाचे बरोबर वाक्य, केवळ लहानपणापासून ऐकले होते म्हणून, निश्चिंत मनाने चुकवून ठेवले होते. 'दक्षिण अशुभच.' त्या 'च'ने तर त्यांना घाम फुटला.

परक्या माणसाजवळ कबुली देणे सोपे म्हणून शुद्धोबा आधी तज्ज्ञांच्या कचेरीत गेले. प्रूफ टेबलावर ठेवले आणि चूक झाली असे म्हणाले.

"शास्त्रात चूक नसते," तज्ज्ञ म्हणाले. "चूक असेल तर तुमची असेल."

"तेच सांगतोय."

तज्ज्ञांनी कागद वाचला. बराच वेळ वाचला. मग त्याच मृदू आवाजात म्हणाले की तुमच्या हातून चूक झाली असे तुम्हाला वाटते, पण ती करवून कोणी घेतली? लेखक चुकला होता. त्या क्षणी शास्त्रानेच तुमच्या हातून दुरुस्ती करून घेतली. अकरा आवृत्त्या निघाल्या, इतक्या लोकांना गुण आला, तो काय उगाच? तुम्ही निमित्तमात्र. एवढे बोलून ते उठले आणि त्यांनी शुद्धोबांना चक्क हात जोडले.

शुद्धोबा संतापाने दोन-दोन पायऱ्या टाकत जिना उतरले. आयुष्यात एकच चूक केली आणि तीही कुणी पदरात घेऊ देईना! तीन दिवस ते त्या एका गोष्टीवर धुमसत राहिले. मसुदे आठवर गेले. बायको खिडकीत बसून रस्त्याकडे बघे आणि त्यांना काही विचारत नसे, आणि हे न विचारणेच हळूहळू असह्य होत गेले. महिना संपायला तीन दिवस उरले तेव्हा, सकाळी, ते प्रूफ घेऊन खिडकीशी गेले आणि तिच्यापुढे धरले.

"हे काय?"

"चूक आहे."

"कुणाची?"

"तांबडी शाई कुणाची असते?" शुद्धोबा म्हणाले.

तिने मटारांची परात बाजूला ठेवली, हात पुसले, चष्मा लावला. सावकाश वाचले. त्यांनी पुढच्या पानावर काय होते ते सांगितले. हिरवे पुस्तक, अकरा आवृत्त्या, तज्ज्ञाने जोडलेले हात, सगळे सांगितले. बोलताना ते तिच्याकडे न बघता रस्त्याकडे बघत होते.

"म्हणजे आधी बरोबर होतं आणि तुम्ही ते चुकवलंत," ती म्हणाली.

"हो."

"चाळीस वर्षांपूर्वी."

"एकोणचाळीस."

ती हसेल असे त्यांना वाटले होते. हसली असती तर बरे झाले असते. ती कागद मांडीवर ठेवून म्हणाली, "लग्नानंतर पहिल्या वर्षी मी आईला पत्र लिहिलं होतं. टाकायला तुमच्याकडे दिलं. तुम्ही ते तपासून परत आणलंत. तांबड्या शाईने."

शुद्धोबांना आठवत नव्हते.

"आठ चुका होत्या. मला अजून पाठ आहेत. त्यानंतर मी कुणाला पत्र लिहिलं नाही. आई गेली तोपर्यंत मी तिला निरोपच पाठवत होते, ह्याच्या-त्याच्याबरोबर."

खाली रस्त्यावर कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होते. शुद्धोबांनी मटारांची परात जवळ ओढली.

"कागद आणा," ती म्हणाली. "बाईंना उत्तर मी लिहिते. आणि तुमच्या मेहुण्याला काही सांगायला जाऊ नका. त्याच्या दाराचं मी सांगणार. भाऊबहिणीत फार दिवसांनी असं काही बोलायला मिळतंय."

तिने लिहायला पाऊण तास घेतला. शुद्धोबा त्या वेळात मटार सोलत होते आणि मान वळवायची नाही असे त्यांनी स्वतःला बजावले होते. लिहून झाल्यावर तिने कागद उघडाच त्यांच्या हातात दिला. पाकीट वेगळे. हे मुद्दाम आहे की नाही ते त्यांना कळेना. वाच, असे ती म्हणाली नाही आणि वाचू नका, असेही म्हणाली नाही.

'बाईंना नमस्कार. आम्हि घर घेतो. दार आहे तसेच राहील. दक्षीण आम्हाला चालते. उशीर झाला तो ह्यांच्या एका अक्षरामुळे, ते भेटल्यावर सांगेन. आमचे येणे निश्चीत समजावे. खुर्ची तेवढी ठेवून जाल का.'

बावन्न पायऱ्या उतरेपर्यंत ते पत्र शुद्धोबांच्या खिशात नुसते जळत होते. 'आम्हि' ऱ्हस्व. 'दक्षीण' दीर्घ. 'निश्चीत'ही दीर्घ. खुर्चीच्या वाक्यापुढे प्रश्नचिन्ह नाही. आणि हे पत्र कुणाकडे चालले होते, तर अकरा ओळींत एकही चूक न करणाऱ्या बाईंकडे. त्या म्हणतील, अडतीस वर्षे मुद्रितशोधन केलेल्या माणसाच्या घरातून हे येते! तळमजल्यावर विमावाल्यांनी दारातून विचारले की मग काय ठरले घराचे? शुद्धोबा थांबले. त्या एका महिन्यात पहिल्यांदा त्यांना उत्तर जिन्यातच सुचले. ते म्हणाले, "दक्षिण ठरली. एक्याण्णव मला पुरे आहेत." आणि विमावाले तोंड उघडतात न उघडतात तोच बाहेर पडले.

टपालपेटी कोपऱ्यावर होती. शुद्धोबांनी पाकीट काढले. ते अजून चिकटवलेले नव्हते. दुसरा हात सवयीने वरच्या खिशाकडे गेला आणि तांबडे पेन बोटांत आले. तीन अक्षरे. एका मिनिटाचे काम. तिला कळणारही नाही. त्यांनी टोपण काढले आणि ते तसेच उभे राहिले. एक सायकलवाला त्यांना वळसा घालून गेला.

मग त्यांची नजर पेटीवर गेली. पेटीवरच्या पांढऱ्या पट्टीवर काळ्या रंगात लिहिले होते, 'पत्रे येथे टाकावित'. इतकी वर्षे ते या पेटीत पत्रे टाकत होते आणि इतकी वर्षे ते हे सहन करत होते. 'टाकावित'! सरकारी पेटी, भर चौकात, शाळेची मुले जाता-येता वाचणार. शुद्धोबांनी इकडेतिकडे पाहिले, ऱ्हस्व वेलांटी खोडली, तिथे चांगली ठसठशीत दीर्घ वेलांटी काढली, आणि सवयीने समासात, म्हणजे पट्टीच्या कडेला, एक छोटी खूणही केली.

तेवढ्याने त्यांना जरा मोकळा श्वास आला. त्यांनी पेन खिशाला लावले, पाकिटाची कड जिभेने ओली करून नीट दाबली, आणि पत्र, होते तसे, आत टाकले.